यान्सेनवाद : कृपेचा वाद आणि एका सहीचा इतिहास

२९ ऑक्टोबर १७०९ रोजी पॅरिसचा पोलीसप्रमुख द'आर्जांसों सशस्त्र शिपायांसह पॅरिसच्या नैर्ऋत्येस असलेल्या पोर-रोयाल दे शां या मठात शिरला. मठात त्या वेळी २२ धर्मभगिनी होत्या. बहुतेक वृद्ध, काही आजारी. राजाज्ञा वाचून दाखविण्यात आली आणि त्यांना गाड्यांत बसवून निरनिराळ्या गावांतील मठांत रवाना करण्यात आले. एकमेकींची पुन्हा गाठ पडू नये अशीच ती योजना होती. पुढील वर्षाच्या आरंभी मठाच्या इमारती पाडण्याचा हुकूम निघाला. एवढ्यानेही समाधान झाले नाही. १७११ च्या अखेरीस तेथील दफनभूमी उकरण्यात आली. ज्यांच्या मागे वजनदार नातलग होते त्यांचे अवशेष अन्यत्र नेण्यात आले. उरलेल्यांची हाडे सें-लांबेर या शेजारच्या गावी एकाच खड्ड्यात टाकण्यात आली.

यूरोपातील सर्वांत बलाढ्य राजा चौदावा लुई याला २२ वृद्ध स्त्रियांचे एवढे भय का वाटावे? त्यांच्याजवळ शस्त्र नव्हते, सैन्य नव्हते. त्यांनी बंड पुकारले नव्हते. त्यांचा अपराध एकच होता : एका कागदावर, जशी हवी होती तशी, सही करण्यास त्यांनी नकार दिला होता. त्या कागदाची कुळकथा तेराशे वर्षे मागे जाते, आणि ती ठाऊक असल्याविना 'यान्सेनवाद' या नावाने ओळखले जाणारे हे प्रकरण उमगत नाही.

सृष्टिकर्ता ईश्वर आणि त्याची कृपा या दोन्ही कल्पना ज्यांच्या विचारात बसत नाहीत अशा आमच्या वाचकांना हा वाद प्रथमदर्शनी परका वाटेल. तसा तो आहेच. शिवाय मराठीत 'कृपा' म्हटले की गुरुकृपा, राजकृपा असे सैल अर्थ मनात येतात. ख्रिस्ती धर्मशास्त्रात ही संज्ञा फार काटेकोर आहे. आदामाच्या पतनामुळे सर्व मानवजात जन्मतःच दूषित झाली, त्यामुळे स्वबळावर कोणासही मुक्ती मिळविता येत नाही, त्यासाठी ईश्वराने अंतःकरणात घातलेले साहाय्य लागते, आणि हे साहाय्य म्हणजे कृपा. येथवर सर्व ख्रिस्ती पंथांचे साधारण मतैक्य. तंटा पुढे आहे. हे साहाय्य सर्वांना मिळते की निवडक लोकांनाच? आणि मिळाल्यावर मनुष्य ते नाकारू शकतो काय?

पाचव्या शतकाच्या आरंभी पेलाजियस नावाच्या, मूळच्या ब्रिटनमधील, एका विरक्ताने रोममधील ख्रिस्ती लोकांचे शैथिल्य पाहून असे प्रतिपादन केले की, ईश्वराने आज्ञा दिली असेल तर ती पाळण्याचे सामर्थ्यही मनुष्यात असलेच पाहिजे. सदाचार हा मनुष्याच्या प्रयत्नाचा विषय आहे. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथील बिशप संत ऑगस्टिन (३५४–४३०) याने त्याविरुद्ध लेखणी उचलली. मनुष्याची इच्छा ही रोगी इच्छा आहे, वाईटाकडे ती आपसूक जाते, चांगल्याकडे तिला ईश्वरच वळवितो. आणि कोणाला वळवावे हे त्याने अनादिकाळीच ठरविलेले आहे, असे त्याचे म्हणणे. ४१८ साली कार्थेज येथील धर्मपरिषदेने पेलाजियसचे मत पाखंड ठरविले. स्वप्रयत्नावर भर देणाऱ्या परंपरेतून पाहणाऱ्या आम्हांस पेलाजियसविषयी सहानुभूती वाटते हे कबूल केलेले बरे. तथापि ऑगस्टिनने मनुष्यस्वभावाच्या दुबळेपणाचे जे निरीक्षण केले आहे ते उथळ नव्हे. ज्याने स्वतःची एखादी सवय मोडण्याचा प्रयत्न करून पाहिला आहे त्याला ते पटल्याशिवाय राहत नाही.

सोळाव्या शतकात ल्यूथर आणि काल्व्हिन यांनी ऑगस्टिनचाच आधार घेऊन रोमच्या चर्चविरुद्ध बंड केले, तेव्हा कॅथलिक पंथाची मोठी पंचाईत झाली. ऑगस्टिनला टाकता येईना आणि त्याचे म्हणणे जसेच्या तसे उच्चारताही येईना. ट्रेंटच्या परिषदेने (१५४५–१५६३) कृपा आधी येते हेही सांगितले आणि मनुष्य तिला संमती वा नकार देऊ शकतो हेही सांगितले. दोन्हींचा मेळ कसा बसतो हे मात्र मोकळे ठेवले. १५८८ मध्ये लुईस दे मोलिना या स्पॅनिश जेझुइट पंडिताने तो मेळ घालण्याचा यत्न केला. पुरेशी कृपा सर्वांना मिळते, माणसाच्या संमतीने ती फलद्रूप होते, आणि कोणत्या परिस्थितीत कोण संमती देईल हे ईश्वराला आधीच ठाऊक असते, अशी त्याची मांडणी होती. डोमिनिकन संघ त्यावर तुटून पडला. रोममध्ये १५९८ ते १६०७ अशी नऊ वर्षे चौकशी चालली, आणि शेवटी पोप पाचवा पॉल याने निर्णय न देताच उभय पक्षांस परस्परांना पाखंडी म्हणण्याची मनाई केली. प्रश्न सुटला नाही, झाकला गेला.

झाकलेला प्रश्न उघडा केला तो कॉर्नेलियस यान्सेन याने. १५८५ मध्ये हॉलंडमध्ये जन्मलेला हा मनुष्य लूव्हां विद्यापीठात प्राध्यापक होता, पुढे ईप्रचा बिशप झाला. ऑगस्टिनचे समग्र ग्रंथ त्याने दहा वेळा आणि पेलाजियसविरुद्धचे लेखन तीस वेळा वाचले होते, असे सांगतात. १६३८ मध्ये तो प्लेगने वारला. रोमने आपल्या ग्रंथात काही बदल सुचविल्यास आपण आज्ञाधारक आहोत, असे त्याने मृत्युसमयी सांगून ठेवले होते. 'ऑगस्टिनुस' हा त्याचा अजस्र लॅटिन ग्रंथ १६४० मध्ये लूव्हां येथे छापला गेला. त्याचा गाभा थोडक्यात असा : पतनानंतर मनुष्याची इच्छा दोन सुखांच्या ओढीत सापडली आहे, ऐहिक सुख आणि स्वर्गीय सुख. जे प्रबळ असेल तिकडे ती जाते. कृपा म्हणजे विजयी होणारे स्वर्गीय सुख. कोणी ढकलत नाही म्हणून इच्छा स्वतंत्रच म्हणायची, परंतु ती अन्यथा जाऊ शकत नाही. आणि हे विजयी सुख सर्वांच्या वाट्यास येत नाही.

सिद्धान्त म्हणून पाहता हा मोठा कठोर विचार आहे. बाप्तिस्म्याविना मेलेले अर्भकही शिक्षेस पात्र आहे, असे मानण्यापर्यंत तो जातो. त्याची भलामण करण्याची आमची मुळीच इच्छा नाही. परंतु इतिहासात सिद्धान्त एक सांगतो आणि तो मानणारी माणसे भलतेच करून दाखवितात, असे पुष्कळदा घडते.

यान्सेनचा जिवलग मित्र सें-सिरांचा मठाधिपती द्यूव्हेर्जिये द ओरान याने हा विचार फ्रान्समध्ये रुजविला. फ्रान्सचा मंत्री कार्डिनल रिशलिय याचा या दोघांवर राग होता, आणि त्याला धर्मशास्त्रापेक्षा राजकारणाची कारणे अधिक होती. कॅथलिक स्पेनविरुद्ध प्रोटेस्टंट राज्यांशी हातमिळवणी करण्याच्या फ्रेंच धोरणावर यान्सेनने १६३५ मध्ये जहाल पुस्तिका लिहिली होती. १६३८ मध्ये सें-सिरांला व्हेंसेनच्या किल्ल्यात डांबण्यात आले. रिशलियच्या मृत्यूनंतर १६४३ मध्ये तो सुटला आणि त्याच वर्षी वारला.

सें-सिरां ज्यांचा अध्यात्मगुरू होता त्या पोर-रोयालच्या धर्मभगिनी. हा मठ १२०४ मध्ये स्थापन झालेला. आंजेलिक आर्नो या मुलीला घरच्यांनी खटपट करून १६०२ मध्ये तेथील मठाध्यक्षा केले, तेव्हा ती जेमतेम अकरा वर्षांची होती! मोठ्या घराण्यांनी मुलींची सोय लावण्याची ती त्या काळची रीतच होती. पण मुलगी मोठी झाली तशी तिने मठाचे जुने कडक नियम पुन्हा लागू केले. २५ सप्टेंबर १६०९ रोजी वडील भेटीस आले असता नियमानुसार तिने त्यांना आत घेतले नाही, दाराच्या जाळीआडूनच बोलली. वडिलांनी आरडाओरडा केला, मुलगी बेशुद्ध पडली, पण दार उघडले नाही. शंभर वर्षांनी तेच दार राजाच्या शिपायांनी उघडले.

मठाच्या आसपास काही विद्वान गृहस्थ संसार व पदे सोडून राहू लागले. त्यांनी चालविलेल्या लहानशा शाळांत पुढे नाटककार म्हणून कीर्ती पावलेला रासीन शिकला. लॅटिनमध्ये घोकंपट्टी करण्याऐवजी मातृभाषेतून, म्हणजे फ्रेंचमधून, मुलांना वाचायला शिकवावे हा त्यांचा आग्रह. येथूनच निघालेले व्याकरण (१६६०) आणि तर्कशास्त्र (१६६२) हे ग्रंथ भाषाशास्त्राच्या इतिहासात आजही अभ्यासले जातात. आंजेलिकचा धाकटा भाऊ आंत्वान आर्नो हा या मंडळींचा प्रमुख पंडित. मनाची खरी पालट झाल्याविना वारंवार ख्रिस्तप्रसाद घेणे व्यर्थ आहे, असे त्याने १६४३ च्या आपल्या पुस्तकात मांडले. राजदरबारातील पापनिवेदन ऐकणारे गुरू बहुधा जेझुइट असत. त्यांच्या सौम्य शिस्तीवर हा सरळ आघात होता.

१६४९ मध्ये पॅरिसच्या धर्मशास्त्र विद्याशाखेचा पदाधिकारी निकोला कोर्ने याने काही विधाने तपासणीसाठी मांडली. त्यांतील पाच विधाने पोप दहावा इनोसंट याने ३१ मे १६५३ च्या धर्मादेशाने पाखंड ठरविली. सज्जनांनाही काही ईश्वरी आज्ञा पाळणे अशक्य असते, अंतःकरणातील कृपेला कधीच विरोध होऊ शकत नाही, ख्रिस्त सर्वांसाठी मेला असे म्हणणे चुकीचे आहे, अशा आशयाची ती होती. यावर आर्नोने जो पवित्रा घेतला तो या इतिहासाचा कळीचा मुद्दा होय. तो म्हणाला, येथे दोन प्रश्न आहेत. ही विधाने पाखंडी आहेत काय, हा तत्त्वाचा प्रश्न. तो ठरविण्याचा अधिकार चर्चला आहे आणि ती पाखंडी आहेत हे आम्हांस मान्य आहे. ही विधाने यान्सेनच्या पुस्तकात त्या अर्थाने आहेत काय, हा वस्तुस्थितीचा प्रश्न. तो पुस्तक उघडून डोळ्यांनी पाहण्याचा आहे, आणि डोळ्यांनी जे दिसत नाही ते आज्ञेने दिसू लागत नाही. वास्तविक पहिले विधान पुस्तकात जवळजवळ शब्दशः सापडते, उरलेली चार तशी सापडत नाहीत. आर्नोच्या पवित्र्यात वकिली चातुर्य होते हे नाकारता येणार नाही. त्याचे घराणेच वकिलांचे होते. परंतु भेद खरा होता. १६५६ मध्ये पोप सातवा अलेक्झांडर याने ती पाच विधाने यान्सेनच्याच पुस्तकातील असून त्याला अभिप्रेत असलेल्या अर्थानेच निषिद्ध आहेत, असे जाहीर करून वस्तुस्थितीवरही मोहोर उमटविली.

त्याच वर्षी आर्नोची सोरबोनमधून हकालपट्टी होत असताना त्याच्या मदतीस धावला तो ब्लेझ पास्काल. गणिती व शास्त्रज्ञ म्हणून तो तोवर प्रसिद्ध झालेला होता. २३ जानेवारी १६५६ पासून पुढील वर्षाच्या मार्चपर्यंत त्याने टोपणनावाने १८ पत्रे गुप्तपणे छापून प्रसृत केली. कृपेच्या रुक्ष वादात सामान्य वाचकाला गोडी लागावी हा एक चमत्कारच. पहिल्या काही पत्रांनंतर त्याने मोर्चा जेझुइट नीतिशास्त्राकडे वळविला. एखाद्या नामवंत पंडिताने एखादे कृत्य क्षम्य म्हटले असेल तर ते करण्यास हरकत नाही, किंवा तोंडाने एक बोलून मनातल्या मनात दुसरे शब्द जोडले तर खोटे बोलल्याचे पाप लागत नाही, अशा पळवाटांची त्याने यथेच्छ टर उडविली. प्रतिपक्षाची अवतरणे त्याने वेचून आणि कधी संदर्भ तोडून वापरली, हेही सांगितले पाहिजे. १६६० मध्ये सरकारी आज्ञेने ही पत्रे जाळण्यात आली.

पाचव्या पत्रात हिंदुस्थान आणि चीन यांचा उल्लेख आहे. तेथील जेझुइट नवख्रिस्ती लोकांना मूर्तिपूजाही करू देतात, वस्त्राखाली ख्रिस्ताची प्रतिमा लपवून मनोमन तिला वंदन करा असे सांगतात, असा पास्कालचा आरोप. हिंदुस्थानात हा तंटा पुढे फार वाढला. १६०६ मध्ये मदुराईस आलेला रॉबर्तो दे नोबिली हा जेझुइट ब्राह्मण संन्याशाच्या वेषात राहिला. त्याने धर्मांतरितांना जानवे ठेवू दिले, आणि १६२३ मध्ये पोपने त्यास सशर्त मान्यताही दिली. पुढे त्या मिशनमध्ये उच्चवर्णीय आणि अस्पृश्य ख्रिस्ती यांच्यासाठी वेगवेगळे मिशनरी नेमले गेले. पास्कालच्या पत्रात मूर्तीची चर्चा आहे, जातीची नाही. आमच्या वाचकांना ही उणीव जाणवल्याविना राहणार नाही.

आता त्या कागदाकडे वळू. पाच विधानांचा आणि यान्सेनचा निषेध करणारे एक प्रतिज्ञापत्र फ्रेंच धर्मगुरूंच्या सभेने तयार केले होते. १६६० च्या अखेरीस तरुण लुईने यान्सेनवाद समूळ उपटण्याचा आपला निश्चय बिशपांना कळविला आणि १६६१ मध्ये सह्यांची मोहीम सुरू झाली. धर्मगुरू, शिक्षक, मठवासी सर्वांनी सही करावी, आणि स्त्रियांनीही. पोर-रोयालच्या धर्मभगिनींनी यान्सेनचा ग्रंथ वाचलेला नव्हता. त्यांतील बहुसंख्य स्त्रियांना ते लॅटिन समजणारेही नव्हते. जे पाहिले नाही त्याची शपथपूर्वक साक्ष कशी द्यावी, आणि तीही एका मृत बिशपाविरुद्ध? प्रथम काढलेल्या सौम्य आदेशात तत्त्व व वस्तुस्थिती यांचा भेद सूचकपणे राखला होता. तेवढ्या आधारावर सही करावी असा सल्ला आर्नोप्रभृती पुरुषांनीच दिला. पास्कालची बहीण जाकलीन, मठातील सिस्टर सेंत-युफेमी, हिला ते पटले नाही. जून १६६१ मध्ये लिहिलेल्या पत्रात तिने संदिग्ध शब्दांच्या या आडोशाची निर्भर्त्सना केली. बिशपांनी स्त्रियांचे धैर्य धरले असेल तर स्त्रियांनाच बिशपांचे धैर्य धरावे लागेल, असा तिच्या म्हणण्याचा आशय. तोंडाने एक व मनात दुसरे ठेवण्याची जी रीत तिच्या भावाने हास्यास्पद ठरविली होती, तीच आता स्वपक्षाचे पंडित शिकवीत होते! शेवटी दडपणाखाली तिने सही केली, आणि ४ ऑक्टोबर १६६१ रोजी, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, ती वारली. त्यानंतर तो सौम्य आदेशही रद्द झाला व निखळ सहीची मागणी पुढे आली. पास्काल आता आर्नोहून कडक झाला. पुढच्याच वर्षी, वयाच्या ३९ व्या वर्षी, त्याचाही अंत झाला.

ऑगस्ट १६६४ मध्ये पॅरिसचा आर्चबिशप पेरेफिक्स स्वतः मठात आला. या स्त्रिया देवदूतांसारख्या निर्मळ आणि सैतानासारख्या गर्विष्ठ आहेत, असे तो म्हणाला असे सांगतात. बारा धर्मभगिनींना उचलून त्याने इतर मठांत एकान्तात ठेवले. आंजेलिकची पुतणी आंजेलिक द सें-जां हिने आपल्या कैदेची हकीकत लिहून ठेवली आहे. बाहेर काय चालले आहे हे न कळता, रोज कोणीतरी येऊन समजूत घालणार, आपलेच चुकत असेल काय हा संशय रात्री छळणार, असे ते दिवस होते. काहींनी सही केली, काहींनी केलेली सही मागे घेतली. १६६५ मध्ये न वाकलेल्या सर्व जणींना खेड्यातील जुन्या मठात एकत्र आणून पहारा बसविण्यात आला व त्यांचे संस्कार बंद करण्यात आले. मरणाऱ्या श्रद्धाळू स्त्रीला अंतिम संस्कार नाकारणे म्हणजे काय, हे तिच्या श्रद्धेच्या आत शिरूनच समजून घेतले पाहिजे. बाहेरून ती शिक्षा किरकोळ वाटेल. ही स्थिती १६६९ पर्यंत टिकली. मग पोप नववा क्लेमेंट याच्या काळी तडजोड झाली : तत्त्वाला मान्यता आणि वस्तुस्थितीविषयी 'आदरयुक्त मौन'.

ज्यांच्या मते मनुष्याच्या इच्छेला स्वतःचे बळच नाही, त्याच माणसांनी राजा, पोप आणि आर्चबिशप या तिघांपुढे इच्छाबळाचा असा प्रत्यय द्यावा, ही विसंगती अनेकांच्या नजरेस आली आहे. आमच्या मते ती वरवरची आहे. आपली निवड ईश्वराने गुप्तपणे, कोणाच्याही मध्यस्थीविना केलेली आहे किंवा केलेली नाही, असे जो मानतो त्याच्यावर मध्यस्थाची पकड ढिली होते. संस्कार बंद करण्याच्या धमकीने तो व्याकूळ होईल, पण आपण नक्की बुडालो असे त्याला वाटणार नाही. दुसरे असे की, माणसाचे मन स्वतःलाच फसविण्यात तरबेज आहे ही ऑगस्टिनची शिकवण त्यांच्या हाडीमाशी खिळली होती. 'एवढी एक सही करून टाकू, मनातून आपण स्वच्छच आहोत' हा विचार सुचताच त्यांना त्याची शंका येई. सिद्धान्ताचे ओझे त्यांच्यावर होतेच. परंतु सत्य आणि असत्य यांच्यामध्ये तिसरी सोयीस्कर जागा नाही, हे त्या ओझ्यासकट त्या शिकल्या होत्या.

राजाचे भयही आता कळू शकते. त्याला त्यांचे मत नको होते, त्यांची सही हवी होती. जे राज्य एक राजा, एक कायदा, एक श्रद्धा या पायावर उभे राहू पाहते त्याला 'मला ठाऊक नाही, म्हणून मी लिहिणार नाही' हे उत्तर उघड बंडापेक्षा अधिक बोचते. १६७९ मध्ये मठाला नव्या उमेदवार घेण्यास बंदी झाली, म्हणजे तो हळूहळू मरावा अशी तजवीज झाली. आर्नो परदेशी गेला आणि १६९४ मध्ये ब्रुसेल्समध्ये वारला. १७०५ मध्ये पोप अकरावा क्लेमेंट याने आदरयुक्त मौनही पुरेसे नाही असे ठरविले. पुन्हा कागद आला. १६६९ च्या तडजोडीस बाध न येता, एवढे शब्द जोडून सही करण्यास धर्मभगिनी तयार होत्या. तेवढे शब्द मान्य झाले नाहीत. पुढे काय झाले ते आरंभी सांगितलेच आहे.

मठ गेला, वाद गेला नाही. १७१३ मध्ये 'उनिगेनितुस' या धर्मादेशाने पास्किये केनेल याच्या पुस्तकातील १०१ विधाने निषिद्ध ठरविली. त्यांत बायबलचे वाचन सर्वांसाठी आहे व स्त्रियांनाही त्यापासून दूर ठेवू नये, तसेच अन्याय्य बहिष्काराच्या भयाने कर्तव्य सोडू नये, अशा अर्थाची विधानेही होती. चार बिशपांनी १७१७ मध्ये सार्वत्रिक परिषदेकडे दाद मागितली, हजारो धर्मगुरू त्यांच्या बाजूने उभे राहिले. १७२३ मध्ये उत्रेख्तच्या चर्चने रोमला न विचारता आपला आर्चबिशप निवडला. ते चर्च आजही आहे. १७२८ पासून फ्रान्समध्ये एक चोरटे साप्ताहिक निघे. पोलीस वर्षानुवर्षे शोधीत राहिले तरी ते बंद पडले नाही. याच चळवळीला हीन वळणही लागले. १७२७ मध्ये वारलेल्या फ्रांस्वा द पारी या विरक्ताच्या कबरीवर रोगी बरे होऊ लागल्याच्या वार्ता उठल्या, अंगात येण्याचे प्रकार सुरू झाले आणि १७३२ मध्ये सरकारने ती दफनभूमीच बंद केली. ज्या मंडळींनी तर्कशास्त्राचा ग्रंथ दिला त्यांच्याच वारसांची ही अवस्था! पण चमत्काराचा मोह आधीपासूनच होता. १६५६ मध्ये पास्कालची भाची पवित्र काट्याच्या स्पर्शाने बरी झाली हे खुद्द पास्काललाही निःशंक खरे वाटले होते. जेझुइट संघावर मात्र कालचक्र उलटले. फ्रान्समध्ये १७६४ मध्ये तो बरखास्त झाला आणि त्यात यान्सेनवादाकडे झुकलेल्या न्यायाधीशांचा व वकिलांचा मोठा हात होता.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळी आंरी ग्रेग्वार (१७५०–१८३१) हा धर्मगुरू पुढे आला. ज्यूंना समान नागरिकत्व मिळावे आणि काळ्या लोकांची गुलामगिरी नष्ट व्हावी यांसाठी तो अखंड झगडला. कातडीच्या रंगावरून उच्चनीचता मानणाऱ्यांविरुद्ध त्याने १८२६ मध्ये स्वतंत्र पुस्तिका लिहिली. हा मनुष्य पोर-रोयालच्या स्मृतीचा भक्त होता. १८०१ मध्ये त्याने त्या मठाच्या अवशेषांवर पुस्तक लिहिले. आज त्या जागी कबुतरखान्याचा जुना बुरूज उभा आहे, गवतात चर्चच्या पायाची रेषा दिसते, आणि टेकडीवर, जेथे शाळा भरे तेथे, एक संग्रहालय आहे.